ओ द्यायची नाही

हजेरीत तिचं नाव आलं आणि तिला ओ देता आली नाही. फादर ब्राझ हजेरी घेताना मान वर करत नसत. नाव घ्यायचं, आवाज ऐकायचा, टिंब द्यायचं, असा त्यांचा जुना ठेका होता, आणि तो ‘अमिषा म्हात्रे’पाशी अडखळला. त्यांनी नाव पुन्हा घेतलं. अमिषा दुसऱ्या बाकावर, त्यांच्यापासून चार हातांवर बसली होती. नाव तिला स्वच्छ ऐकू आलं, ते आपलं आहे हेही कळलं, जीभ टाळ्याला लागली, आणि तिथेच चिकटून राहिली. शेजारच्या मुलीनं कोपरानं ढोसलं. फादरनी चष्म्यावरून पाहिलं, ‘आहेस की,’ म्हणाले आणि टिंब दिलं. वर्गात दोघीतिघी हसल्या. हसण्यासारखंच होतं. अमिषाही हसली, पण तिच्या तळहाताला घाम सुटला होता आणि तो ती ओढणीला पुसत राहिली. ख्रिस्ती ईश्वरशास्त्र या विषयाचं हे तिचं तिसरं, शेवटचं वर्ष. या वर्गात देवाच्या असण्यावर तासन्‌तास वाद घालायला ती कधी कचरली नव्हती, आणि आज स्वतःच्या असण्याबद्दल एक साधा शब्द काढताना तिची बोबडी वळली होती.

कारण आदल्या संध्याकाळी आलेला प्रणालीचा व्हॉइस मेसेज. प्रणाली तिची चुलत बहीण, गावातच राहणारी, जगातली कुठलीही बातमी एकाच सुरात सांगणारी. ‘अमे, ऐक ना, टेन्शन नको घेऊ हां. काल आपल्या परेशच्या हळदीला कोकिळाआत्यानं मेलेल्यांना बोलवताना तुझं नाव घेतलं. सगळी एकदम सायलेंट. तुझ्या आईनं आत्याचा हात धरला, पण तवर तांदूळ टाकून झालेले. आता ती बिचारी म्हातारी झाली, तिला काय कळतंय? बाकी हळद एक नंबर झाली. तू सबमिशन उरकून ये मग.’ मागे कोणीतरी ताटं आपटत होतं. अमिषानं मेसेज ऐकला, मोबाइल उशीखाली ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ऐकला. हॉस्टेलच्या मेसमध्ये जाऊन तिनं नेहमीसारखी आमटी-भात खाल्ला. आमटीला चव नव्हती. पण सिस्टरांच्या आमटीला ती कधीच नसते, असं तिनं स्वतःला समजावलं.

कोकिळाआत्या ही बाबांची थोरली बहीण, आणि गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मागाहून, घड्याळाकडे बघत. त्याच्याआधी मांडव असतो धवलारणीच्या हातात. ती तांदळाचा चौक भरते, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते, आणि तिच्या तोंडून बोलावणं गेल्याखेरीज कुठला देवही मांडवात पाय ठेवत नाही. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सगळ्या पंचक्रोशीतल्या घरांचे मेलेले तिला नावानिशी पाठ होते. त्यांच्या गावात रीत अशी की आधी देवांना मूळ धाडायचं, म्हणजे बोलावणं करायचं. मग घरातल्या मेलेल्यांना, एकेकाला, नाव घेऊन. नाव घेतलं की मांडवाच्या तोंडाकडे चिमूटभर तांदूळ टाकायचे आणि थांबायचं. एखादा माणूस अंगणातून आत यायला जेवढा वेळ लागेल तेवढं थांबायचं, मग पुढचं नाव. त्या थांबण्यात मांडवात कोणी बोलत नसे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ओ द्यायची नाही. घराघरात आजोबाचं नाव नातवाला ठेवलेलं, आणि हाक तर तीच. चुकून जित्यानं ओ दिली तर तो त्यांच्यातला धरला जातो, मूळ त्याला लागू होतं. म्हणून अशा पोरांच्या आया त्या वेळी पोरांच्या तोंडावर हात ठेवून बसत. अमिषाचा चुलतभाऊ मोरू, आजोबांच्या नावाचा, आता बाबांचा ट्रेलर चालवणारा दाढीवाला बाप्या झाला होता, तरी ‘मोरूबाबा यं रं’ हे आलं की तो स्वतःचं तोंड स्वतःच्याच पंज्यानं दाबून धरी, आणि बायका पदराआड हसत. अमिषालाही हसू यायचं. तिला कधी तोंड दाबायची वेळ आली नव्हती. त्यांच्या कुळात अमिषा नावाचं कोणी मेलेलं नव्हतं. मरायला त्या नावाला अजून सवडच मिळाली नव्हती. ते टीव्हीवरून आलं होतं आणि सरळ तिच्यापाशी येऊन थांबलं होतं. म्हणजे आत्यानं बोलावलं ते तिलाच.

यात घाबरण्यासारखं काही नाही, हे तिला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. नावाची शक्ती, हाकेची शक्ती, याच्यावरच तर तिचा मोठा निबंध होता. गिरजाघरात संतांची लांबलचक मालिका म्हणतात, एकेक नाव घेऊन त्याला विनवतात, हे तिनं पहिल्या वर्षी ऐकलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. सूर वेगळा, भाषा वेगळी, पण थांबणं तेच. खरं तर हा विषय तिनं घेतलाच त्या थांबण्यापायी. लहानपणी आत्याच्या पदराला धरून ती मांडव-मांडव फिरली होती, आणि प्रत्येक मांडवात तिला एकच प्रश्न पडे, की ते खरंच येतात का? आत्याला विचारलं तर आत्या म्हणे, ‘येतान गो. न यायला काय झायलं?’ पुढे मुंबईला कॉलेजात नाव घालताना विषयांच्या रांगेत हा एक दिसला, आणि चौकशी केल्यावर कळलं की दोन हजार वर्षं शहाणीसुरती माणसं याच एका गोष्टीवर भांडत आली आहेत. मेलेले कुठे असतात, बोलावलं तर येतात का, आणि आले तर आपण त्यांचं काय देणं लागतो. तिला भलताच आनंद झाला. तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता, घ्यायचा तिचा विचारही नव्हता. सिस्टरांनी एकदोनदा प्रेमानं विचारलं आणि सोडून दिलं. घरी मात्र ती नुसतं बी.ए. म्हणत राहिली. बी.ए. म्हटल्यावर गावात कोणी पुढचं विचारत नाही.

बाबांना तिनं सांगितलं ते यंदाच्या गणपतीत, ओटीवर. बाबा, म्हणजे हरेश्वर म्हात्रे, पूर्वी मिठागरात राबलेला आणि आता बंदरावर कंटेनरच्या गाड्या लावणारा माणूस, सुपारी कातरत बसले होते. तिनं विषयाचं नाव सांगितलं, मग मराठीत फोड करून सांगितली. बाबा सुपारी कातरत राहिले. ‘म्हनजे पाद्री लोकांचा?’ ‘त्यांच्या धर्माचा अभ्यास, बाबा. मी तीच आहे. शिकतेय फक्त.’ बाबांनी विचार केला. ‘ड्रायव्हिंग शिकला तो ड्रायव्हर झाला. वायरिंग शिकला तो वायरमन झाला. तू शिकून काय होनार?’ तिच्याकडे या प्रश्नाची चारपाच उत्तरं होती, दोन वर्षांच्या अभ्यासातून तयार झालेली, आणि त्यांतलं एकही ओटीवर चालण्यासारखं नव्हतं. बाबा म्हणाले, ‘बरं.’ त्यांनी अडकित्ता मिटला आणि ते आत गेले. केवढं सोपं झालं, असं तेव्हा तिला वाटलं होतं. त्यानंतर बाबांचा फोन आला नाही. पण बाबा एरवीही आईच्याच फोनवरून ‘बरी हायस ना’ एवढंच विचारत. गाड्यांचा सीझन असेल, असं तिनं धरलं. माणूस सोयीचं तेवढं धरतो.

त्या हजेरीनंतर मुंबई तिच्याशी जरा चमत्कारिक वागू लागली, किंवा ती मुंबईकडे चमत्कारिक नजरेनं बघू लागली. वाचनालयाच्या सरकत्या दारासमोर ती उभी राहिली आणि दार उघडलं नाही. मागून दुसरी मुलगी आली तेव्हा उघडलं. हॉस्टेलचा वॉचमन रोज ‘आयी क्या’ म्हणायचा, तो एके दिवशी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला. उसाच्या रसवाल्यानं तिच्या मागून आलेल्या तिघांना ग्लास दिले आणि मग दचकून म्हणाला, ‘ताई, तुम्ही कधीपासून उभ्या?’ या गोष्टी सगळ्यांनाच घडतात. तिलाही पूर्वी घडत असतील, तिनं मोजल्या नव्हत्या इतकंच. आता ती प्रत्येक गोष्ट उचलून बघत होती. रात्री झोपताना छातीवर हात ठेवायची आणि ठोका लागला की स्वतःचीच लाज वाटायची. एकदा सकाळी आरशासमोर तोंड धुताना तिला आपलं तोंड आजीसारखं दिसलं. सखुबाई, जिला तिनं फक्त फोटोत पाहिलं होतं. परेशच्या मांडवात सखुबाईनंतर जे नाव आलं ते तिचं होतं, असं प्रणालीनं मागाहून सांगितलं होतं. म्हणजे त्या रांगेत ती सखुबाईच्या मागे उभी होती.

त्याच आठवड्यात फादर ब्राझनी तारणाचा धडा घेतला. एकाच्या जागी दुसरा जातो आणि पहिला सुटतो, ही त्यांच्या धर्माची मधली खुंटी. हे गणित कसं बसवायचं यावर किती पंडितांनी डोकी फोडली ते सांगता सांगता फादर रंगात आले. ‘हाक एकाच्या नावाची, उत्तर देतो दुसरा,’ ते म्हणाले, आणि अमिषाचं पेन थांबलं. तिनं हात वर केला. ‘फादर, ज्याच्या जागी तो गेला, त्याला कोणी विचारलं होतं का? चालेल का म्हणून?’ वर्ग हसला. फादर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला, बोटं झटकली आणि म्हणाले, ‘विचारलं असतं तर कोण हो म्हणालं असतं?’ मग खडू पुन्हा उचलत, ‘हे परीक्षेत लिहू नकोस. मार्क जातील.’ तिला ते उत्तर आवडलं नव्हतं. आपल्यासाठी कोणी न विचारता काही करावं, आणि आपण जन्मभर त्याचं ओझं वाहावं, ही तिला एक प्रकारची जबरदस्ती वाटे. ती हे अगदी चिडून म्हणे. हॉस्टेलच्या मैत्रिणी म्हणत, तुझ्यासाठी अजून कोणी काही केलं नाही, म्हणून बोलतेस.

मग आईचा फोन आला. निकेतचं, म्हणजे अमिषाच्या भावाचं लग्न माघात ठरलं होतं. ‘तू यं. करवली तूच,’ आई म्हणाली. तिचा आवाज चोरटा होता, मोरीत उभी राहून बोलत असावी. ‘आत्याच गानार. दुसरी धवलारीन हाय कुठं? मी सगल्यांना विचारलं. ज्या तोंडानी मेलेल्यांत नाव घेतलं त्याच तोंडानी जित्यांत घेतलं की फिटलं. मेलेले झाले की करवल्यांना बोलवतान बघ, हलद घेऊन यं म्हनून. तवा ती तुला बोलवील. तवा तू ओ दे. जोरात दे.’ अमिषानं विचारलं, ‘आणि त्याआधीच घेतलं तर, परत?’ आई म्हणाली, ‘एकदा का दुसऱ्या मांडवान बी तुला तिकरंच बोलवली, तर मग कोन काय करनार?’ मग घाईनं म्हणाली, ‘प्रनाली बसनार हाय तिच्या बाजूला. सखुबायचं नाव झालं का ती लगेच करवल्यांचं सुरू करून देनार.’ ‘मधेच थांबवा ना आत्याला.’ ‘धवला तोरायचा नसतो गो,’ आई म्हणाली, जणू अमिषानं भाताला लाथ मारायची गोष्ट काढली होती. बाबांचं नाव दोघींपैकी कोणी काढलं नाही.

ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचनं निघाली. पाणी सपाट होतं, मातकट, आणि वर धुरकट ऊन. लाँच धक्क्यापासून सुटली की दरवेळी तिचा जीव मोकळा व्हायचा. आज शहर मागे सरताना तिला वाटलं, आपल्याला न्यायला आलेत. न्यायला कोणीही आलेलं नव्हतं. शेजारी कोंबड्यांची पाटी घेऊन एक बाई बसली होती आणि एक जोडपं काशीदच्या कुठल्या हॉटेलवरून फोनवर हुज्जत घालत होतं. तिला मिठागरातली उन्हाळ्याची सुट्टी आठवली. ती पाचसहा वर्षांची असेल. बाबा खाचरांत फळी ओढून मीठ लोटत आणि ती बांधाबांधानं हुंदडत दूर जाई. उन्हात सगळं पांढरं, डोळे दिपायचे, लांबचं माणूस हलताना दिसायचं पण कोण ते कळायचं नाही. पलीकडे खाजणाचा चिखल, त्यात गुरं रुतून गेलेली. मधूनमधून बाबा काम थांबवून हाक मारत, ‘अमेऽ’, आणि तिनं जिथं असेल तिथून ओरडायचं, ‘ओऽ’. एकदा ती खेकडा बघत बसली होती म्हणून तिनं ओ दिली नाही. बाबा फळी टाकून मिठातून अनवाणी धावत आले. तळवे चिरलेले, ओठ पांढरे. त्यांनी मारलं नाही. खाली बसून तिचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाले, ‘हाक मारली का आधी ओ. काय पन करत असशील, आधी ओ, मग बाकी.’ त्या दिवशी घरी जाईपर्यंत ते थोड्या थोड्या अंतरावर हाक मारत राहिले, ती शेजारी चालत असतानाही, आणि ती ओ देत राहिली. सवय अंगात मुरेपर्यंत. रेवसला उतरून मिनीडोर रिक्षात बसल्यावर तिला ते खांदे धरणं इतकं लख्ख आठवलं की डोळे भरून आले. बाजूच्या बाईनं विचारलं, ‘धूल गेली का गो?’ ती हो म्हणाली.

घरी मांडव उभा होता, डीजेच्या पेट्या रचून झाल्या होत्या, अंगणात बाबा मंडपवाल्यावर ओरडत होते. तिला बघून ओरडणं मध्येच थांबलं, आणि मग आधीपेक्षा मोठ्यानं सुरू झालं. आईनं तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. कोकिळाआत्या आतल्या खोलीत खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. तिची बोटं तशीच चपळ होती. डोळे मात्र बदलले होते, घरात भाडेकरू बदलावा तसे. तिनं अमिषाला पायापासून वरपर्यंत पाहिलं. तिचं तोंड उजळलं.

‘आयलीस? बोलावनं पोचलं म्हनायचं.’

‘आत्या, मी अमिषा.’

‘मंग? तुलाच बोलवली ना मी परेशच्या हलदीला. तवा न्हाय आयलीस. लांब असल तुजा गाव आता.’ तिनं खाटेवरचं सूप बाजूला सारून जागा केली. ‘बस बाय. दमली असशील.’

अमिषा खाली बसली आणि तिचे हात हातात घेतले. ‘आत्या, हात बघ. ऊन आहेत ना? मी जिती हाय.’

‘सगली असंच बोलतान,’ आत्या समजुतीनं म्हणाली. ‘तुजा आजा बी तसंच बोलायचा.’

‘कोणी सांगितलं तुला मी मेले म्हणून?’

आत्याला या प्रश्नाचं नवल वाटलं. ‘हरीनी. दुसरा कोन सांगनार? गनपती गेल्यावर. गॅसजवल उभा होता, पान्याचा तांब्या हातान घेऊन. बोलला, आपली अमिषा आपल्याला मेली, आता घरान तिचा नाव काढू नका. तुजी आय तोंडान पदर कोंबून बसली. मी मात्र रडून घेतलं गो. बापानी सांगतल्यावर रडायला नको? तुजा पान पन ठेवला सर्वपित्रीला, मागल्या दाराशी. कावला आयला लगेच.’ तिनं अमिषाचा हात थोपटला. ‘कोनी तुला इसरलं न्हाय.’

दारात सावली होती. बाबा पाण्याची बाटली न्यायला आले होते आणि तिथेच उभे राहिले होते. अमिषानं वर पाहिलं. तिला वाटलं, आता बाबा काहीतरी म्हणतील, आत्याला दटावतील, काय बरळतेस म्हणतील. असं म्हणणं सोपं होतं. आत्याचं डोकं गेलंय हे सगळ्या गावाला माहीत होतं. बाबा बाटली न घेताच वळले आणि बाहेरून त्यांचा आवाज आला, खुर्च्या कमी का आणल्या म्हणून. म्हणजे ते बोलले होते. आत्याची चूक झालीच नव्हती. जिला काल जेवले की नाही हे आठवत नव्हतं, तिनं ही एक गोष्ट नीट जपून ठेवली होती, आणि धवलारणीनं करायचं ते चोख केलं होतं. अमिषाला राग आला. इतका की कानशिलं तापली. आणि त्या रागाच्या तळाशी भीती तशीच होती, जरा जास्तच. इतके दिवस तिला वाटत होतं की एका म्हातारीची जीभ घसरली. आता कळलं की आपल्याला तिकडे धाडलं ते बापानं.

दुपार उतरताना मोरूनं हात वर करून डीजे बंद करवला आणि अंगणात एकदम पोकळी झाली. आत्या चौकासमोर बसली. तिच्या उजवीकडे प्रणाली, डावीकडे आई. निकेत पाटावर, हसण्याचा प्रयत्न करत. करवली म्हणून अमिषा हळदीची वाटी घेऊन खांबाशी उभी होती, आणि समोरच्या खांबाला टेकून बाबा. मांडवात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, आणि त्यांतली बरीच निकेतकडे बघत नव्हती. आत्यानं सूर लावला. तो सूर अमिषाला ठाऊक होता, तो पोटातून सुरू व्हायचा. गणपतीला मूळ गेलं, डोंगरावरच्या आईला गेलं, गावदेवीला, समुद्राला. आत्याची मान ताठ झाली, वीस वर्षं मागे गेल्यासारखी. मग आवाज खाली आला. ‘मोरूबाबा यं रं, नातवाच्या मांडवान यं.’ तांदूळ पडले. मोरूनं तोंड दाबून धरलं. आज कोणी हसलं नाही. अंगणातून एक माणूस चालत यायला लागतो तेवढा वेळ गेला. ‘सखुबाय यं गो, नातवाच्या मांडवान यं.’ तांदूळ पडले. अमिषानं वाटी घट्ट धरली. प्रणाली पुढे वाकली आणि करवल्यांच्या धवल्याचा पहिला शब्द आत्याच्या कानाशी म्हणू लागली. आत्यानं माशी वारावी तसा हात हलवला. तिला अजून एकीला बोलवायचं होतं.

‘अमिषा यं गो, भावाच्या मांडवान यं.’

तांदूळ पडले, आणि ते थांबणं सुरू झालं. सगळ्या मांडवानं श्वास धरला होता. आई डोळे मिटून बसली होती. अमिषाला आठवलं की ओ द्यायची नाही. याच एका गोष्टीसाठी ती इथे दगडासारखी उभी राहायला तयार झाली होती. पण आत्याची ती हाक अशी होती की गेले कित्येक महिने तिला कोणी तशी मारली नव्हती. लांबवलेली, काळजीची, दूरच्या बांधावरच्या पोरीला मारावी तशी. वर्गात टाळ्याला चिकटलेली जीभ आपोआप सुटली. खाली, पोटात, मिठागरातलं ऊन हललं. आधी ओ, मग बाकी. तिचे ओठ विलग झाले, ते तिला कळलं, आणि श्वास आत भरला गेला तेही कळलं.

‘ओ.’

आवाज जाड होता. समोरच्या खांबापासून आला होता. बाबांनी ओ दिली होती, मोठ्यानं नाही, आतल्या खोलीतून कोणी साधं उत्तर द्यावं तशी. माणसं त्यांच्या बाजूनं थोडी सरकली. कोणी ठरवून सरकलं नाही, पण खांबाभोवती जागा झाली. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. धाकट्या भावाला ती ओळखत होती की नाही, कोण जाणे. आलेल्याला ओळख देतात तसे तिनं दोन तांदूळ त्यांच्या पायाकडे टाकले, मान हलवली, आणि मोकळ्या आवाजात करवल्यांचा धवला धरला. ‘करवली अमिषा, हलद घेऊन यं.’

आता सगळे तिच्याकडे बघत होते. बाबाही. त्यांनी हनुवटी जराशी वर केली, लहानपणी करत तशी. दे.

‘ओ,’ अमिषा म्हणाली. आई हुंदका देऊन हसली. डीजेवाल्याला वाटलं झालं, त्यानं दोन ठोके वाजवले, त्याला कोणीतरी शिवी दिली. अमिषा पुढे झाली, निकेतला हळद लावली, कपाळाला, खांद्यांना, गुडघ्यांना. नवऱ्यामुलानंतर बापाला लावायची असते. ती बाबांच्या समोर गेली आणि तिनं हळदीचा हात उचलला. मागून आत्या ओरडली. ‘त्याला नको गो. तो आता तिकरचा.’

हात तसाच राहिला. फादरांचा वर्ग, खडू, हसणारे बाक, सगळं तिच्या डोक्यातून गेलं आणि प्रश्न तेवढा उरला. मला कोणी विचारलं होतं? ‘बाबा, का दिलीत?’ ती म्हणाली. ‘मी देणार नव्हते.’

बाबांनी स्वतःच कपाळ पुढे केलं. जवळून ते म्हातारे दिसत होते.

‘देनार होतीस,’ ते म्हणाले. ‘मीच शिकवलंय.’